गुवाहाटी किती मुक्काम?

तिकीट छापून हातात दिलं की गिऱ्हाईक जातं, पण त्याची गोष्ट दुकानातच राहते. आधी बाकड्यावर बसते, मग टेबलावर चढते, आणि शेवटी मलाच बसायला जागा उरत नाही! आमचे हे म्हणतात, "तू तिकिटं विकतीस कमी आणि किस्से साठवतीस जास्त." खरं आहे. पण त्यात दोष माझा नाही, गावाचा आहे.

आमच्या आटपाडीला रेल्वे नाही. विमानतळाचं तर नावच सोडा. पण भारताच्या नकाशावर कुठंही बोट ठेवा, तिथं आमचा माणूस सापडतो. कारण गलाई. म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. इकडं पाऊस बेताचा, रान कोरडं, म्हणून मागच्या पिढीतली माणसं हा धंदा शिकून बाहेर पडली. आज कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, गुवाहाटी, कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या बोळातून "काय रं गड्या" ऐकू येतंच. ही सगळी माणसं जत्रेला, लग्नाला, मातीला घरी येतात. पूर्वी रेल्वेनं यायची, आता विमानानं येतात. त्यांची तिकिटं मी काढते, आणि आमचे हे आपल्या जीपमधून त्यांना कोल्हापूरच्या नाहीतर पुण्याच्या विमानतळावर सोडतात, आणतात.

मी स्वतः अजून विमानात बसलेले नाही. पण कुठलं शहर किती तासांवर आहे ते मला झोपेतून उठवून विचारा. सांगेन, आणि परत झोपेन!

*

आमच्या शेजारच्या आक्का पहिल्यांदा विमानानं निघाल्या, त्रिशूरला, लेकाकडं. त्यांचे मालक हयात असताना हाच प्रवास रेल्वेनं करायचे, तीन दिवस लागायचे. आक्कांच्या डोक्यात तेच तीन दिवस. पहाटे उठून त्यांनी चुलीवर बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. किती? मी मोजल्या नाहीत, पण गाठोडं उचलताना ह्यांच्या कमरेत उसण भरली.

"आक्का, एवढ्या कुणाला?"

"वाटंत खायाला नगं व्हय? तीन दिस उपाशी बसू का?"

मी सांगितलं, की कोल्हापूरहून बेंगळुरू, तिथून कोची, की पुढं लेकाची गाडी, चहाच्या वेळेला घरी. आक्कांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी त्यांना भूल देऊन कुठं विकायला काढलंय!

त्या दिवशी संध्याकाळी फोन आला. पलीकडून गलका ऐकू येत होता. त्रिशूरच्या त्या गल्लीतले आपले सगळे गलाईवाले गोळा झाले होते, आणि आक्का भाकऱ्या वाटत होत्या. मला वाटलं, आता प्रवास कसा झाला ते सांगतील, ढग दिसले का ते सांगतील.  पण आक्का हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या,

"ताई गं, भाकरी अजून मऊ हाय!"

 आटपाडीच्या चुलीवरची भाकरी केरळात मऊ पोचली, यापरतं मोठं आश्चर्य मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून आमच्या दुकानाचं मापच ठरलं. बेंगळुरू भाकरी कोमट असताना, त्रिशूर मऊ असताना, आणि गुवाहाटी जरा चिवट झाल्यावर!

*

काही फोन मातीचे असतात, कुणी गेल्याचे.

एकदा असाच भल्या सकाळी आला. गावातलं एक म्हातारं माणूस गेलेलं. थोरला मुलगा कोइमतूरला. पुतण्यानं विचारलं, "ताई, तू सांग. कोइमतूर किती तास? माती थांबवू का उरकू?"

मी तिकीटवाली बाई. मुलाला बापाचं तोंड दिसणार की नाही, हे मी ठरवायचं? मी स्क्रीनवर बघितलं, बोटांनी हिशेब केला आणि म्हणाले, "थांबवा. दिवस मावळायच्या आत येतोय."

हे जीप घेऊन कोल्हापूरला पळाले. इकडं सगळं गाव अंगणात बसून. म्हाताऱ्याचे जावई मेढ्याहून निघाले होते, आपल्याच बाजूच्या सातारा जिल्ह्यातून. त्यांची काळजीच कुणाला नव्हती. ऊन कललं. गावाच्या वळणावर धुरळा दिसला आणि जीप आली. मुलगा उतरला, कोइमतूरच्या दुकानातल्याच कपड्यांवर, शर्टाला भट्टीच्या ठिणगीचं भोक तसंच. बापाच्या पायावर डोकं ठेवून रडला. बायका रडल्या, मी पण रडले.

आणि जावईबापू? त्यांची एसटी घाटात बंद पडलेली! निरोपावर निरोप येत होते, "आता निघतोय, आता निघतोय." शेवटी एक म्हातारबा डोळे पुसत उठले आणि म्हणाले,

"उचला आता. कोइमतूर हाय हितंच, शेजारी. मेढाच लय लांब हाय!"

*

आमच्या गल्लीतला तुका पहिल्यांदा कोलकात्याला निघाला तेव्हा त्याला वाटेला लावायला टेम्पो भरून माणसं विमानतळावर आली. आमच्याकडं नवी गाडी असो, नवा बैल असो, भंडारा उधळल्याशिवाय पुढं जात नाही. तुकाच्या आजीनं मूठभर हळदीचा भंडारा पदराला बांधून आणला होता, विमानावर उधळायला!

दारावरच्या शिपायानं हात जोडले. "आजी, तिकीट असंल त्योच आत. विमानाजवळ जाऊ देत न्हाईत."

"बरं, विमानाला नसंल तर नसंल," आजी म्हणाली, "त्याच्या ड्रायव्हरला तरी लावू दे!"

सगळे हसतायत तोवर एक गाडी थांबली आणि त्यातून विमान चालवणारी उतरली. विशी-पंचविशीतली पोरगी, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, हातात छोटी बॅग. शिपाई म्हणाला, "घ्या आजी, ह्याच तुमच्या ड्रायव्हर."

 आजी पुढं झाली. पोरीला खालून वरपर्यंत बघितलं. "तू चालवतीस बाय? येवढं धूड?"

पोरगी हसली आणि काही न सांगता तिनं मान खाली केली. आजीनं तिच्या कपाळाला भंडारा लावला, गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि ती आत जाईपर्यंत तिच्या पाठमोऱ्या शर्टाकडं बघत राहिली. मग वळून टेम्पोतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"पोरगी हाय, नीट नेईल! आमचा तुका चालवणार असता तर मी कुणालाच चढू दिलं नसतं!"

*

आता बिरूनाना.

शनिवारी आटपाडीचा बाजार असतो, शेळ्या-मेंढ्यांचा. नाना दर शनिवारी बाजार उरकला की माझ्या दुकानात येतात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, बाकड्यावर टेकतात आणि पाणी मागतात. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. पाऊस सरला की मेंढरांचं खांड घेऊन ऊसपट्ट्याकडं उतरायचं, कृष्णाकाठानं पंचगंगेपर्यंत. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं, शेतकरी धान्य देतो. सगळा संसार घोड्यावर. त्यामुळं नानांना किलोमीटर कळत नाही, तास कळत नाही. त्यांना मुक्काम कळतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तू गुवाहाटीला गलाईचं दुकान चालवतो. नानांनी पहिल्याच शनिवारी मला विचारलं होतं,

"ताई, गुवाहाटी किती मुक्काम?"

"एकबी नाही नाना. सकाळी निघायचं, हैदराबादला विमान बदलायचं, तिथून तीन तास. दिवस मावळायला पोच."

"मुक्कामच न्हाई?"

"नाही."

 नाना काठीच्या टोकानं फरशीवर रेघ ओढत म्हणाले, "मग वाटंत वळख कुणाची व्हती?"

 

*

नानांची बायको हौसानानी. वस्ती गावाबाहेर माळावर, झाड नाही की झुडूप नाही, वर सगळं आभाळ उघडं. एकदा मी तिकडं पूजेला गेले होते. न्याहारीच्या सुमाराला लांब वर एक विमान निघालं, पांढरी रेघ ओढत. नानी हातातलं सूप टाकून अंगणात धावल्या आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागल्या. अगदी रेघ विरेपर्यंत.

"कुणाचं विमान, नानी?"

"आमच्या दत्तूचं!"

आता मला विमानांच्या वाटा पाठ. ते विमान गुवाहाटीचं नव्हतं, आणि त्या दिवशी दत्तू त्याच्या दुकानात होता, सकाळीच माझं फोनवर बोलणं झालेलं. नानी रोज हात हलवतात, हे मला शेजारणीनं नंतर सांगितलं. पाऊस असो, आभाळ असो. दिसलं नाही तरी आवाजाच्या दिशेला.

 तिकीट विकणाऱ्यानं सगळंच सांगायचं नसतं.

*

एका शनिवारी नाना आले ते पाणीसुद्धा न मागता बसले.

"ताई, हळू जाणारं विमान न्हाई का येखादं?"

दुकानात दोघंतिघं होती, सगळी खो खो हसली. मीही हसले. पण नाना हसले नाहीत, म्हणून मी पुढचं ऐकलं.

"दत्तू रेल्वेनं यायचा तवा तीन-चार दिस लागायचं. मग म्हनायचा, येवढं लांब आलोय, महिनाभर ऱ्हातो. मेंढरं राखायचा माझ्यासंगं. मग विमान झालं. पंधरा दिसांवर आला. मग आठ. आता म्हनतो, नाना, येतो आन् दुसऱ्या दिशी जातो, लय सोपं झालंय." नानांनी घोंगडं सारखं केलं. "लांब व्हता तवा माझ्यापाशी असायचा गं. जसा जवळ आला तसा दिसंनाच झालाय."

 मी दत्तूला तिथूनच फोन लावला, जरा तावातच. तो बिचारा वाईट नाही. म्हणाला, "ताई, दुकान सोडून टाइम कुठाय? येतोय की पुढच्या महिन्यात. दुपारी उतरतो, दुसऱ्या दिवशी सकाळचं परत. त्यातबी कोल्हापूर ते आटपाडी तीन तास जायला, तीन तास यायला. विमानापेक्षा तीच वाट खाती बघा सगळा वेळ. आईची भाकरी खायची आन् पळायचं."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. नानांनी सगळं ऐकलं.

"जायाला तीन, यायाला तीन," ते पुटपुटले, आणि उठून गेले.

*

पुढच्याच आठवड्यात नाना ह्यांना म्हणाले, "मला इमानतळ दाखीव." हे एकाला सोडायला निघालेच होते, नानांना पुढं बसवलं. आता म्हातारबा विमान बघणार, तोंडात बोट घालणार, म्हणून ह्यांनी मोबाइलचा कॅमेरा तयार ठेवला.

विमान उतरलं, कानठळ्या बसल्या, येणारा-जाणारा थांबून बघू लागला. आणि आमचे नाना? विमानाकडं पाठ करून उभे! कुंपणाच्या कडेकडेनं निघाले. उसाचं रान बघितलं, तोडणी कुठवर आली ते बघितलं, एका विहिरीत वाकून पाणी बघितलं, रानमालकाशी तंबाखू मळत गप्पा मारल्या, आणि परत येऊन जीपमध्ये बसले.

"बघितलं का नाना?"

"व्हय, बघितलं. झ्याक हाय."

ह्यांनी तो किस्सा गावभर केला. विमान बघायला गेला आणि ऊस बघून आला! हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी तर हा किस्सा गिऱ्हाइकांना चहाबरोबर द्यायचे. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते, नाना-नानी खांड घेऊन खाली ऊसपट्ट्यात उतरले. शनिवार मोकळे जायला लागले. जाताना नाना दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले होते, "दत्तूला आणायला जीप जाईल तवा तू बी ये, ताई." मी हो म्हटलं. कोल्हापुरात माझी बहीण राहते, तेवढंच तिच्याकडं जाणं होईल असा माझा विचार.

*

दत्तू उतरला तो एवढीशी बॅग घेऊन. जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, जरा दाबा. पोचायलाच चार वाजतील. नाना हायत न्हवं घरी?"

आम्हाला काय माहीत! आमची समजूत, की मुलगा येणार म्हणून म्हातारा-म्हातारी खांड दुसऱ्यावर सोपवून वस्तीवर गेली असणार.

विमानतळाच्या फाटकातून बाहेर पडून कुंपणाच्या कडेनं जीप वळली आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध कुत्रं उभं. कुत्र्यामागं मेंढरं, मेंढरांमागं घोडं, आणि घोड्याच्या बाजूला काठी टेकून, एक हात वर केलेले नाना.

"वाट न्हाई अडवली," नाना जीपच्या खिडकीत वाकून म्हणाले. "घर आलं म्हनून हात केला."

दत्तू जीपमधून उतरला आणि बघतच राहिला. ऊस तुटलेल्या रानात पालं ठोकलेली. जाळीच्या कुंपणात कोकरं. कोंबड्या, हंडे, पाण्याची घागर, दोरीवर नानींचं लुगडं. सगळा संसार, विमानतळाच्या भिंतीला लागून! तीन दगडांच्या चुलीपाशी हौसानानी, त्यांच्या हातात भाकरी.

"नाना... तुमी हितं कसं?"

"घर लय लांब पडतंय म्हनतूस न्हवं? मग घरच हिकडं आणलं." नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "जायाचं तीन तास, यायाचं तीन तास, वाचलं का न्हाई? ते माझं. ते मला दे."

 दत्तूच्या हातातली बॅग खाली पडली होती, ती त्यानं उचलली पण नाही. नानी चुलीवरून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "हात धू जा. पाणी तापलंय."

 इतकी वर्षं मी माणसांना शहरांकडं पाठवतेय. पण घरच उठून माणसाकडं चालत आलेलं मी पहिल्यांदा बघत होते. जायच्या आधी मी नानांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "नाना, आटपाडीहून हितवर किती मुक्काम झाले?"

नाना मेंढरांकडं बघत म्हणाले, "ह्या खेपंला मोजलंच न्हाईत बघ."

त्या दिवशी आम्ही बहिणीकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूला उचलायला परत रानात आलो. वेळ हाताशी ठेवून आलो होतो, फाटक तर समोरच दिसत होतं. दत्तू बापाचं घोंगडं पांघरून जाळीत बसला होता. पहाटे एक मेंढी व्याली होती. नवं कोकरू उभं राहायला धडपडत होतं, आणि दत्तू त्याला दोन्ही हातांनी धरून आईच्या सडाला लावत होता. नाना शेजारी बसून काहीतरी सांगत होते. ह्यांनी हॉर्न वाजवला. कुणी मान वर केली नाही.

मी घड्याळ बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं. हे जीपच्या टायरमध्ये काहीतरी शोधायला लागले होते! तिकीट माझ्या हातचं, म्हणजे बोलायचं कामही माझंच. मी तोंड उघडणार, तोच नानींनी माझ्या हातात चहाची कपबशी दिली आणि "निवतोय, पी आधी," म्हणाल्या. मी प्यायले. मग दुसरा कप दिला. तोही प्यायले.

भिंतीपलीकडं घरघर सुरू झाली. वाढत वाढत गेली. सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या, आणि भिंतीमागून हैदराबादचं विमान उठलं, इतकं जवळून की पालाचं कापड फडफडलं.

नानी हातातलं भांडं ठेवून उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर करून हलवायला लागल्या.

कोकराचं तोंड सडाला नुकतंच लागलं होतं. दत्तूनं त्याच्यावरची नजर न काढताच विचारलं, "कुणाचं गं विमान, आये?"

नानी हात हलवतच म्हणाल्या,

"आमच्या दत्तूचं!"